डिस्टॉर्शन पेडल घ्यायचंय? आधी वायर कुठं जाणार ते सांगा (मेटल झोन, डीएस-वन आणि रॅट वापरून झाल्यावर)

चार वर्षांत तीन डिस्टॉर्शन पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज रॉकसारखा फाडणारे, पायानं दाबायचे डबे, झाली माझ्याकडं. एक विकलं, एक कपाटात पडलंय आणि एक रोज पायाखाली असतंय. महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी पोरगं विचारतं, दादा कुठलं घेऊ, आणि मग मी अर्धा तास फोनवर बडबडत बसतो, म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून काढू, पुढच्या वेळी हेच पाठवून देणार.

मी काय मोठा वादक नाही हे आधीच सांगतो. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात बिलिंग, रात्री गिटार. चौघांचा बँड आहे, त्यातला ड्रमर लग्नसराईत सापडत नाही. गिटार हंबकर पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, हंबकर म्हणजे त्यातला दोन कॉइलवाला), सेकंड हँड. अँप, म्हणजे गिटारचा स्पीकरवाला अँप्लिफायर, पंधरा वॅटचा बारका, त्याच्यावरच सगळी प्रॅक्टिस. सोलापूरनं १९३० साली मार्शल लॉ बघितला पण मार्शल कंपनीचा अँप काय आमच्या खोलीपर्यंत आला नाही, हा आमच्यातला जोक, आता त्याला कुणी हसत पण नाही.

पहिलं पेडल घेतलं बॉसचं मेटल झोन, एमटी-टू. पुण्याला जाऊन घेतलं, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून. त्या दुकानात मोठा ट्यूब अँप लावून ठेवलेला, त्याच्यावर एक पॉवर कॉर्ड मारली आणि माझं डोकंच फिरलं, छातीत बसला आवाज. लगेच पैसे दिले. संध्याकाळच्या हुतात्मात खोका मांडीवर ठेवून परत, वर ठेवायला पण मन झालं नाही. घरी येऊन आपल्या अँपला लावलं तर आवाज असा की पत्र्याच्या डब्यात मधमाश्या कोंडल्यात. पेडल तेच, गिटार पण मी माझीच नेली होती, फक्त तो अँप माझ्याबरोबर हुतात्मात बसून आला नव्हता. हे कळायला मला सहा महिने लागले, तोपर्यंत दोष गिटारला देत होतो, तारा बदलल्या, पिकअप खालीवर केले, काय काय केलं.

मेटल झोनला लोक लई शिव्या देतात. १९९१ पासून बाजारात आहे, प्रचंड खपलंय आणि तितकंच बदनाम पण आहे. माझं मत विचाराल तर निम्मी चूक वाजवणाऱ्याची. त्याच्यावर दिसायला चार नॉब आहेत पण मधले दोन डबल आहेत, एकात एक बसवलेले, म्हणजे एकूण सहा. त्यात मिडची, म्हणजे मधल्या आवाजाची, फ्रिक्वेन्सी आपण निवडायची, २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत कुठंही, आणि तिथं आवाज वाढवायचा का कापायचा ते दुसऱ्या नॉबवर. आता नवीन पोरगं काय करतंय, बेस फुल्ल, ट्रेबल फुल्ल, मिड झीरो. मी पण तेच केलं. एकट्यानं खोलीत वाजवताना एकदम सीडीसारखा आवाज वाटतो. पण ड्रम सुरू झाला, बेस गिटार आली की आपली गिटार गायब. खाली बेसवाला बसलाय, वर झांजा, आणि गिटारची स्वतःची जागा जी मधे असते तीच आपण आपल्या हातानं कापून टाकलेली. आमचा बेसवाला म्हणला, "का बे, वाजवलालास का नुसतं हात हलवलालास?" मिड वाढवून, डिस्टॉर्शनचा नॉब अगदी खाली ठेवून वाजवलं तर ते पेडल बऱ्यापैकी चालतं, पण डिस्टॉर्शन खाली आणलं तरी त्यात मसाला भरपूरच राहतो, आणि मला दोन गाण्यांच्या मधे वाकून सहा नॉब हलवायचा कंटाळा. विकून टाकलं. घेणारा पोरगा खूश आहे, तो खोलीतच वाजवतो.

मग आलं डीएस-वन, बॉसचंच, ते नारिंगी. १९७८ पासून बनतंय, नॉब तीनच, टोन, लेव्हल आणि डिस्ट. दणकट एवढं की माझ्या हातून जिन्यावरनं खाली पडलं आणि जिन्याच्या फरशीचा टवका उडाला, पेडलला काय झालं नाही. सेल बदलायला पाना-पेचकस लागत नाही, पाय ठेवायच्या पट्टीखाली हातानं फिरवायचा स्क्रू आहे. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, वाजवून झालं की इनपुटची पिन काढायची. पिन आत असली की पेडल चालूच समजायचं, लाईट बंद असली तरी. मी रात्रभर पिन तशीच ठेवून दोन नाईन व्होल्टचे सेल मारलेत.

हे आवाज फाडतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण निवडायला उपयोग होतो. गिटारचा सिग्नल आधी भरपूर वाढवायचा आणि मग डायोडनं त्याची वरची-खालची टोकं छाटायची, एवढाच खेळ. ट्यूब स्क्रीमर पेडलसारख्या ओव्हरड्राइव्हमधे (आवाज थोडाच फाडणारं पेडल) डायोड पेडलच्या आतल्या अँप्लिफायरच्या फीडबॅकमधे, म्हणजे आउटपुट परत इनपुटला जातो त्या वाटेवर, असतात, त्यामुळं टोकं गोलसर कापली जातात. डीएस-वन आणि रॅटमधे डायोड त्या अँप्लिफायरच्या नंतर, सिग्नल सरळ ग्राउंडला, म्हणजे टोक एकदम सपाट. आपल्या भाषेत, तव्यावरनं काढलेली गरम भाकरी म्हणजे ओव्हरड्राइव्ह आणि आपली कडक भाकरी म्हणजे डिस्टॉर्शन. फझ, त्याच्याही पुढचा फाटका आवाज, म्हणजे ती कडक भाकरी आमटीत चुरताना होणारा आवाज, असं धरा.

डीएस-वनचा टोन नॉब मधल्या फ्रिक्वेन्सीत जरा खड्डा पाडतो आणि बारा वाजताच्या (नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरायची) पुढं नेला की कानात सुई. म्हणून माझी सेटिंग टोन दहा वाजता, डिस्ट दहा-अकरा, लेव्हल चांगली वर. (नॉब फुल्ल फिरवून "हे पेडल वाईट आहे" म्हणणाऱ्यांसाठी काय बोलायचं नाही मला.) अँप जोरात असेल आणि आधीच थोडा फाटत असेल तर डीएस-वन त्याच्यावर फार सुंदर बसतं. मित्राच्या मोठ्या अँपवर ऐकलंय, तिथं मला हेवा वाटला.

आता खरी गोष्ट. गेल्याच्या गेल्या वर्षी गणपतीत एका मंडळानं बोलावलं. आमच्या आधी ऑर्केस्ट्रा, नंतर आम्ही, वीस मिनिटं. मी अँप उचलून घेऊन गेलो तर साउंडवाला म्हणला अँप कशाला, जागा नाही, वायर इकडं द्या. डीआय बॉक्सला (गिटार थेट मिक्सरला जोडायचा डबा) पिन, तिथनं थेट मिक्सर. क्लीन वाजवलं, मस्त. पहिल्या गाण्याच्या कोरसला डीएस-वन दाबलं आणि दोन्ही बाजूच्या स्पीकरमधनं जे काय बाहेर आलं ते मला शब्दात सांगता येणार नाही, कापड फाडल्यासारखं, मच्छरासारखं, दोन्ही एकदम. आणि साउंडवाल्यानं काय केलं, माझा चॅनल म्यूट केला. त्याला वाटलं वायर तुटली. पळत स्टेजवर आला, माझ्या पायाशी बसून पिन हलवायला लागला, मी वाजवतोय आणि तो हात करून सांगतोय थांबा थांबा. पूर्ण गाणं बिनगिटारचं झालं. समोर आमच्या गल्लीतल्या अक्का बसलेल्या, नंतर म्हणाल्या छान झालं, तुझी वायर तेवढी नवीन घे. माणूस वाईट नव्हता हो, त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

घरी येऊन डोकं लावलं. गिटारच्या अँपमधला स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फार काही वाजवतच नाही, तिथनं आवाज धपकन खाली येतो. डिस्टॉर्शननं तयार झालेला वरचा सगळा चरचराट तो स्पीकर गाळून टाकतो, आणि उरतो तो आपल्याला माहिती असलेला रॉकचा आवाज. मंडपातल्या स्पीकरला वर हॉर्न असतो, तो सगळंच्या सगळं वाजवतो, गाळणी नाहीच. म्हणजे चहा गाळलाच नाही आणि चोथ्यासकट कपात दिला, तसं. म्हणून पेडल कुठलं हा प्रश्न नंतरचा. तुमची वायर शेवटी कुठं जाते, अँपला का मिक्सरला, ते आधी.

आमच्याकडं तर निम्म्याहून जास्त कार्यक्रम असेच असतात, मंडळ असो का कॉलेजचं गॅदरिंग, वायर मिक्सरलाच. तुम्ही फक्त ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल, एका गाण्याला कोरस इफेक्ट, दुसऱ्याला डिले (प्रतिध्वनी), तिसऱ्याला डिस्टॉर्शन, तर पेडलच्या नादालाच लागू नका, कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या खोक्याची नक्कल) असलेला प्रोसेसर, म्हणजे सगळे इफेक्ट एकाच डब्यात, घ्या, ती गाळणी त्याच्या आतच असते. पेडलवाले मला मारतील पण खरं तेच आहे.

मग मी पेडल का ठेवलं? कारण हौस. आणि कारण तिसरं पेडल, प्रोकोचं रॅट टू. हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलॅमाझू गावचं डिझाइन, तेही सत्तरच्या दशकाच्या शेवटचं, डीएस-वनच्याच बरोबरीचं. काळा जड डबा. नॉब तीन, डिस्टॉर्शन, फिल्टर, व्हॉल्यूम. फिल्टर उलटा चालतो, म्हणजे उजवीकडं फिरवला की ट्रेबल वाढत नाही, कमी होतो. पहिल्या दिवशी मी ट्रेबल वाढवायला म्हणून फिरवत गेलो आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला, वाटलं डिफेक्टिव्ह पीस आला. पण हाच फिल्टर माझ्या कामाचा निघाला. मिक्सरला थेट देताना फिल्टर दोन-तीन वाजेपर्यंत नेला की वरचा चरचराट बराचसा मरतो आणि आवाज जाड राहतो, मधला भाग जागेवर. कॅबिनेटची सर नाही येत, खोटं कशाला सांगू, पण साउंडवाला वायर बघायला पळत येत नाही. याच्या आतली चिप पण मुळात संथ. जुन्या रॅटमधे एलएम ३०८ होती, त्याच्यासाठी लोक जुने पीस शोधत फिरतात, आताच्या रॅट टूमधे ओपी ०७ येते, ती पण तशीच संथ. ती सिग्नलच्या मागं जोरात धावू शकत नाही, त्यामुळं टोकं आपोआप थोडी बोथट होतात. जुनी भारी का नवी, ह्या भांडणात मी पडत नाही, माझ्या कानाला मंडपात फरक कळणार नाही.

रॅटवर डिस्टॉर्शन नऊ वाजता ठेवलं तर ओव्हरड्राइव्हसारखं, बाराच्या पुढं खरं डिस्टॉर्शन, आणि फुल्ल केलं तर फझकडं झुकतं, नोटा एकमेकांत चिकटायला लागतात. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की बऱ्यापैकी साफ पण होतं. पूर्ण कॉर्ड मारायची तर डिस्टॉर्शन कमीच ठेवा, नाहीतर कारखान्यात सगळे माग एकदम सुरू झाल्यासारखं होतं, कुठल्या मागावर कुठलं डिझाइन काही कळत नाही. वाईट बाजू म्हणजे महाग पडलं, डीएस-वनपेक्षा बरंच, आणि एकदम टाइट मेटल रिदम पाहिजे असेल तर हे पेडल नाही, जाड तारांचा आवाज जरा सैल वाटतो. त्याला उपाय म्हणजे रॅटच्या आधी, गिटारच्या बाजूला, एखादा ओव्हरड्राइव्ह लावायचा, ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त, म्हणजे बेस आवळला जातो.

अडॅप्टरचं सांगायचं राहिलं. यातल्या बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट डीसी, मधली पिन मायनस. घरातला राउटरचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नका, तो बहुतेक वेळा बारा व्होल्ट आणि मधे प्लस. आणि अडॅप्टर घेताना रस्त्यावरचा दीडशेवाला घेऊ नका. मी घेतला होता, विकणारा म्हणला "चालतंय की", चाललं पण, फक्त पेडल दाबलं की मागं कायम गुणगुण. आधी मला वाटलं आमच्या साखर पेठेतल्या मागांच्या लाईनमुळं येतोय आवाज, शेजाऱ्यांवर उगाच संशय. सेल लावून बघितलं, एकदम शांत. पेडलमधनं आवाज येतोय वाटलं की आधी सेल लावून बघायचं, पाच मिनिटांत निकाल.

म्हणून पोरांनो, विचारायच्या आधी मला एवढं सांगा, अँप कुठला, घरी वाजवणार का बँडमधे, आणि कार्यक्रमाला वायर कुठं जाणार. घरी बारका अँप आणि बजेट कमी असेल तर डीएस-वन सेकंड हँड बघा, मोडत नाही, विकायला गेलात तरी पैसे परत मिळतात. बँडमधे वाजवत असाल आणि थोडे जास्त घालायची तयारी असेल तर रॅट. ऑर्केस्ट्राला प्रोसेसर, ते वर सांगितलंच. आणि दुकानात ऐकायला जाल तर आपली गिटार न्या आणि दुकानदाराला सरळ सांगा, भाऊ, तुमच्याकडचा सगळ्यात बारका अँप काढा.

रॅटवर मी बहिणीच्या नेल पेंटनं ठिपके मारून ठेवलेत, लाल ठिपका अँपसाठी, गुलाबी मिक्सरसाठी. यंदा गणपतीत अंधारात दोन्ही सारखेच दिसले.