इन्व्हिन्सिबल: कंपेंडियम घ्यायचं की हार्डकव्हर, आणि वाचायचं कुठल्या क्रमानं

इन्व्हिन्सिबलची तिन्ही कंपेंडियम, म्हणजे सगळे अंक एकत्र बांधलेली तीन जाडजूड पुस्तकं, वाचून झाली आणि मी सरळ सांगतो, सुपरहिरो कॉमिक्स पहिल्यांदाच विकत घेणार असाल तर हीच सिरीज घ्या. कोल्हापुरात कॉमिक्सची आवड असलेली पोरं भरपूर आहेत, पिक्चर सगळ्यांनी बघितलेत, पण पुस्तक घ्यायची वेळ आली की प्रत्येकाचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, सुरुवात कुठनं करायची? मार्व्हल आणि डीसीत हा प्रश्न खरंच डोकं फिरवणारा आहे, एकाच हिरोचे नंबर मधेच परत एकपासून सुरू होतात, एक गोष्ट चार वेगवेगळ्या टायटलमध्ये पसरलेली असते, लेखक बदलला की माणूसच बदलल्यासारखा वाटतो. इथं तसलं काही नाही. २००३ ला पहिला अंक, २०१८ ला १४४ वा म्हणजे शेवटचा, इमेज कॉमिक्सनं काढलेली, लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा रॉबर्ट कर्कमन. चित्रं पहिल्या सात अंकांची कोरी वॉकरची आणि आठव्यापासून रायन ऑटली, वॉकर नंतरही मधूनमधून परत येतो. पंधरा वर्षं एकच गोष्ट, सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, पोरगं बघता बघता बाप होतं.

आता विकत काय मिळतं ते. छोटी पेपरबॅक आहेत, एकूण २५. त्यातल्या बहुतेकांची नावं जुन्या-नव्या अमेरिकन टीव्ही सिरियलवरून घेतलेली आहेत, विसाव्याचं नाव फ्रेंड्स, एकविसाव्याचं मॉडर्न फॅमिली, मला हे लई आवडलं कारण मुळात ही घरातल्या माणसांचीच गोष्ट आहे. मग अल्टिमेट कलेक्शन, मोठ्या आकाराची हार्डकव्हर, १२ आहेत, एकेकात साधारण बारा अंक आणि मागं स्केचेस, त्यावर लेखक-चित्रकारांच्या टिपा. आणि तिसरं म्हणजे कंपेंडियम, तीनच जाडजूड पेपरबॅक, पहिल्यात ४७ पर्यंत, दुसऱ्यात ४८ ते ९६, तिसऱ्यात ९७ ते १४४. एकेक पुस्तक हजार पानांच्या आसपास.

पैशाच्या हिशोबात कंपेंडियमला तोड नाही. २५ पेपरबॅक गोळा करत बसलात तर मधले नंबर मिळतच नाहीत, सातवं आहे आठवं नाही, नववं दुप्पट किमतीला, आणि गोष्ट अशी आहे की मधला एक जरी राहिला तरी चैन पडत नाही. तरीपण एक गोष्ट खटकते आणि ती घेण्याआधी माहीत असायला पाहिजे. ऑटली मारामारी दोन-दोन पानांवर पसरून काढतो आणि एवढ्या जाड पुस्तकात दोन पानांच्या मधला भाग शिवणीत गडप होतो. ११ आणि १२ नंबरचे अंक बघा, बाप आणि मार्क, म्हणजे आपला हिरो इन्व्हिन्सिबल, समोरासमोर. खासबागेत निकाली कुस्ती लागल्यावर मैदान कसं एकदम गप्प होतं तसं ते वाचताना होतं, एकेक ठोसा कुठं बसला, पोरगं किती लांब फेकलं गेलं, आधी चेहरा कसा होता आणि नंतर कसा झाला, सगळं दिसतं. आणि मग बाप शेवटचा ठोसा मारायला मूठ वर उचलतो आणि त्याला लहानपणीचा मार्क आठवतो. ती पानं मोठ्या हार्डकव्हरमध्ये सपाट उघडून बघण्यात जी मजा आहे ती कंपेंडियममध्ये नाही. म्हणून माझा सल्ला, वाचायला कंपेंडियम घ्या, आणि सिरीज मनात बसली तर पहिलं अल्टिमेट कलेक्शन तेवढं वेगळं घ्या, त्यात १ ते १३ अंक आहेत, म्हणजे हा सगळा भाग आला.

क्रमाबद्दल. नंबरनं वाचत जायचं, बास. फक्त शून्य नंबरच्या अंकाला फसू नका! शून्य दिसला की माणसाला वाटतं हाच पहिला, पण तो २००५ ला आला, नवीन वाचकांसाठी स्वस्तात काढलेला, आणि त्यात तोवरची सगळी गोष्ट मार्क स्वतः सांगतो. तो आधी वाचलात तर बापाचं गुपित तिथंच फुटतं. पेपरबॅकमध्ये तो पाचव्या भागात २० ते २४ बरोबर आहे आणि तीच त्याची योग्य जागा. ज्यांनी २०२१ पासूनची ॲनिमेटेड सिरीज बघितलीय त्यांना गुपित माहीतच असणार, तरीपण पुस्तक वाचाच, कारण सिरीजनं जे पहिल्याच एपिसोडच्या शेवटी दाखवून टाकलं ते कॉमिकमध्ये सातव्या अंकात येतं. तोवर आपण त्या घरात रुळलेलो असतो, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, कॉलेजचं टेन्शन, पहिल्यांदा उडणं, आणि म्हणून तो अंक जास्त लागतो.

याच जगातली बाकीची टायटल्स, गार्डिंग द ग्लोब, इन्व्हिन्सिबल युनिव्हर्स, वुल्फमॅन, टेक जॅकेट, ही सगळी नंतर वाचली तरी चालतात. ५७ व्या अंकात वुल्फमॅनशी गाठ पडते, टेक जॅकेटवाला पोरगा ७१ ते ७८ मधल्या व्हिल्ट्रमाईट वॉरमध्ये, म्हणजे व्हिल्ट्रमाईट नावाच्या परग्रहवाल्यांशी झालेल्या युद्धात, येतो, पण त्यांचं आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही, लागेल तेवढं कर्कमन तिथंच सांगतो.

दुसरं कंपेंडियम माझं सगळ्यात आवडतं. सुरुवातीलाच रंग बदललेले जाणवतील, ५० पर्यंत बिल क्रॅबट्री होता आणि नंतर एफको प्लासेन्सिया आला, सपाट स्वच्छ रंग जाऊन जरा खोल, छायाप्रकाशाचे रंग आले. ६० वा अंक म्हणजे दुसऱ्या कंपनीनं ज्याची पन्नास पुस्तकं काढली असती असं युद्ध एका अंकात उरकलंय, मला तो घाईचा वाटला, पण त्याच्यानंतर ६१ ते ६५ मध्ये कॉन्क्वेस्ट नावाचा व्हिलन येतो आणि तिथं मात्र नाद खुळा. तिसऱ्यात मधे थोडं रेंगाळतं, शेवटचे बारा अंक मात्र सगळं वसूल करतात. घरात लहान पोरं असतील तर वरच्या फळीवर ठेवा, रक्तपात लई आहे, आणि तिसऱ्यात लैंगिक अत्याचाराचा एक प्रसंग आहे जो मोठ्यांनाही जड जातो. कर्कमननं तो मजेसाठी वापरलेला नाही, त्याचा परिणाम पुढं बराच काळ मार्कवर दिसत राहतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

खरेदीचं म्हणाल तर मला इथल्या दुकानांत मिळालं नाही, ऑनलाइनच मागवलं. पहिलं आलं ते नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरा चेपलेला, बदलून मिळेपर्यंत फोनवर फोन, म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि खोक्यात पाठवणारा विक्रेताच बघा. आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका, राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरसुद्धा जुलैत भिंती ओल्या लागतात, चकचकीत कागद लगेच वाकतो, पुस्तक भिंतीपासून लांब ठेवा आणि एवढं वजनदार पुस्तक आडवंच ठेवा, उभं ठेवलं की पानांच्या वजनानं शिवण खाली ओढली जाते.

सगळे पैसे एकदम घालायचे नसतील तर पहिलं एकटं घ्या, ४७ पर्यंत वाचून समाधान होतं. पण दुसरं घेणार असाल तर तिसरं बरोबरच मागवा, ९६ ला थांबण्यासारखी जागाच नाही आणि स्टॉक संपला की महिनोन्महिने वाट बघावी लागते.