कॅम्परची हंगामापूर्वीची तयारी: स्वतः करावी की वर्कशॉपला द्यावी?

थंडीभर झाकून ठेवलेला कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली सहलीची गाडी, बाहेर काढायची वेळ आली की दोन पर्याय समोर येतात. एक तर सुट्टीचे दिवस मोडून सगळं स्वतः करायचं, नाहीतर चावी वर्कशॉपच्या काउंटरवर ठेवून मोकळं व्हायचं. बहुतेक जण खिशाकडे बघून ठरवतात, काही जण ‘आपल्याला जमेल का’ यावर. मी आधी एवढंच बघतो: या कामात काही चुकलं तर ते कळणार कसं? नळाचा जोड नीट बसला नाही तर पाय ओले होतात आणि पाच मिनिटांत कळतं. गॅसचा जोड किंवा ब्रेक चुकला तर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पहिल्या प्रकारची कामं स्वतःकडे ठेवावीत, दुसऱ्या प्रकारची देऊन टाकावीत. छत यातल्या कुठल्याच खणात बसत नाही, त्याचं पुढे बघू.

पाणी: इथे वर्कशॉपपेक्षा तुम्ही सरस

या कामाला कसब कमी आणि वेळ जास्त लागतो, आणि वेळ वर्कशॉपपेक्षा तुमच्याकडे असतो. पाइप गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ आधी धुऊन काढायचं. फिल्टर असेल तर तो काढून बाजूला ठेवायचा. मग बिनसुगंधी साधं ब्लीच, ५ ते ६ टक्क्यांचं, लिटरमागे १ मिली या हिशेबाने घ्यायचं. १०० लिटरच्या टाकीला १०० मिली. ते बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी भरायची आणि एकेक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचा, गरम बाजूचासुद्धा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटचा फ्लश हमखास राहून जातात. चार तास तसंच ठेवायचं, मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाणी सोडायचं. दारात गाड्यांची रांग लागलेली असताना वर्कशॉपवाला हे चार तास खरंच मोजतो का, हे एकदा विचारून बघाच.

स्वतः करणाऱ्यांचं नुकसान होतं ते वॉटर हीटरमध्ये. हिवाळ्याआधी फिरवलेला बायपास (पाणी हीटरला वगळून पुढे नेणारी झडप) तसाच राहिला तर गरम नळातून पाणी अगदी व्यवस्थित येतं, पण हीटरची टाकी कोरडीच असते. विजेचं बटण दाबलं की एलिमेंट बघता बघता जळतं. म्हणून बायपास आधी पूर्ववत करायचा आणि मग गरम नळ सोडायचा. टाकी भरेपर्यंत तो फुसफुसतो. अखंड धार लागली की मगच बटण. टाकी स्टीलची असेल तर ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी आतली दांडी, काढून बघा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला.

बॅटरी आणि टायर: पाहणी तुमची, बदल त्यांचा

लेड-ॲसिड बॅटरी चार्जरपासून सोडवून काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. हिवाळाभर त्या स्थितीत पडून राहिली असेल तर तिच्यावर फार आशा ठेवू नका. लिथियम बॅटरीत व्होल्टवरून फारसं कळत नाही, आणि तापमान शून्याखाली असेल तर ती चार्ज करायची नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅम्पर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच ते सात वर्षं उलटली की नक्षी शाबूत असली तरी बदलायच्या यादीत.

गॅस, ब्रेक, बेअरिंग: इथे काटकसर नको

सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून फेस येतो का, हे कोणीही बघू शकतो आणि बघावंच. पण त्यातून समोर दिसणाऱ्या जोडांचंच कळतं. कपाटामागून गेलेल्या पाइपची खात्री दाब-चाचणीनेच होते. तिला मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लागतो आणि तो वाचणारा माणूस लागतो. बऱ्याच देशांत गॅसचं काम परवानाधारकानेच करावं असा नियमही आहे. बर्नरमध्ये कोळ्यांनी केलेली जाळी, पिवळी पडलेली ज्योत, जुना रेग्युलेटर हे सगळं त्याच फेरीत उरकतं. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची मुदत मात्र तुम्हीच वाचा. चाचणीचं बटण दाबल्यावर बीप आला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही.

ओढायच्या कॅम्परच्या चाकांच्या बेअरिंगना साधारण वर्षाला किंवा १९,००० किलोमीटरला नवं ग्रीस लागतं. ज्याने आधी केलंय त्याने खुशाल करावं, पण पहिला प्रयोग लांबच्या सहलीच्या तोंडावर नको. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेला कॅम्पर, असेल तर आणखी एक पेच: नेहमीचं गॅरेज इंजिन, ऑइल आणि ब्रेक करून देईल, पण मागच्या घराला हात लावणार नाही. तेव्हा ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ म्हणजे नेमकं काय काय, हे आधी विचारून घ्या.

छत: देऊन टाकलं तरी सुटत नाही

छताची गळती वर्षानुवर्षं लपून राहते आणि आतलं लाकूड कुजवते. म्हणून लोक ते काम डोळे झाकून वर्कशॉपला देतात. पण गेल्या वर्षी ती भेग कुठपर्यंत होती, हे वर्कशॉपला माहीत नसतं. शिडी लावून छताच्या खिडकीभोवतालचं सीलंट अंगठ्याने दाबून बघा. रबरासारखं दबलं तर ठीक. टणक लागलं, कडेला केसाएवढी फट दिसली किंवा कोपरा नखाने उचलला गेला तर तिथे काम आहे. त्याच कोनातून दरवर्षी फोटो काढून ठेवा. फट बुजवायला सिलिकॉन मात्र वापरू नका. पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. छताला चालेल असंच सीलंट घ्या.

वर्कशॉपकडून घ्यायची ती दमटपणाची चाचणी, आणि जागेनुसार आकडे लिहून घ्यायचे. १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, २० च्या वर गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधायला लावा. गाडी वॉरंटीत असेल तर इथे पर्याय उरत नाही: बऱ्याच कंपन्या गळतीची वॉरंटी चालू राहायला अधिकृत ठिकाणच्या वार्षिक तपासणीची अट घालतात.

मग ठरवायचं कसं?

नवी, वॉरंटीतली गाडी: वर्कशॉप, पण पाणी तुमचं. जुनी गाडी आणि हाताला काळं लागायची सवय: गॅस आणि ब्रेक सोडून सगळं घरी. नुकतीच विकत घेतलेली जुनी गाडी: पहिल्या वर्षी सगळं वर्कशॉपला द्या आणि शक्य असेल तर शेजारी उभे राहून बघा. वसंतात सगळ्यांनाच एकदम जाग येते आणि तारीख मिळत नाही, तेव्हा थंडी सरायच्या आत नोंदवून टाका.

आणि चाकं कोणीही काढून बसवलेली असोत, पहिल्या ८० किलोमीटरच्या आसपास थांबून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळायच्या पान्याने) नट पुन्हा तपासायचे. ते काम वर्कशॉपला देता येत नाही.