हबला तडा गेलेली बिडाची पुली: रिंग आणि पितळी जोडानंतरचे सात-आठ महिने

शेपर मशीनच्या (टूल पुढे-मागे सरकवत धातू तासणारं यंत्र) क्लच शाफ्टवरची दोन खाचांची बिडाची पुली हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागात, तडकली होती. दुरुस्त करून ती परत चढवली, त्याला आता सात-आठ महिने होत आले. मशीन जवळपास रोज चाललं, जड कटही घेतले, आणि पुलीने कुठेही दगा दिलेला नाही. तडा नव्याने पुढे सरकल्याचं चिन्ह नाही. तरी "बिडाची पुली दुरुस्त होते का?" या प्रश्नाला मी सरसकट होकार देणार नाही. तडा कुठे आहे आणि तो कशामुळे गेला, यावर सगळं अवलंबून आहे.

आमची पुली ३५० मिमी व्यासाची, बी सेक्शनच्या व्ही पट्ट्यांची, ३८ मिमी शाफ्टवर बसणारी. तडा कीवेच्या, म्हणजे चावी बसायच्या खाचेच्या, कोपऱ्यातून निघून हबची सगळी जाडी फोडून बाहेर आला होता आणि तिथून मधल्या चकतीत थोडा शिरला होता. कड मात्र शाबूत होती. चावी, म्हणजे पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून दोघांच्या खाचांत बसणारा पोलादी तुकडा, होती टोपीवाली, १०० ला १ उताराची (१०० मिमी लांबीत १ मिमी निमुळती). अशी चावी हातोड्याने ठोकून बसवतात, आणि ती पाचरीसारखी हबला आतून बाहेर रेटत राहते. बीड दाबाला भक्कम असलं तरी ताणाला कच्चं. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांपाशी ताण एकवटतो, आणि कीवेचा काटकोनी कोपरा म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा. वर्षानुवर्षं पुली ढिली वाटली की कुणीतरी चावीवर आणखी एक घाव घालायचं. तो प्रत्येक घाव हबने सोसला होता.

फिरण्याच्या वेगाने ती फुटली असेल, ही शंका आधी हिशेबाने काढून टाकली. पुली मिनिटाला ४००च्या आसपास फेरे घेते, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७.३ मीटर. बिडाच्या पुलीसाठी सेकंदाला ३० मीटरच्या आसपासची मर्यादा पाळतात. वेग दुप्पट झाला की कडेतला ताण चौपट होतो, म्हणून ही मर्यादा हलक्यात घ्यायची नसते. पण आमचा वेग तिच्या पाव भागाच्याही आत होता. त्यामुळे दोष चावीचाच हे नक्की झालं, आणि दुरुस्तीची दिशाही तिथेच ठरली.

निकेलच्या रॉडने आर्क वेल्डिंग करावं, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते होत नाही असं नाही. लहान लहान टाके घालून, प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हाताने ठोकून, मध्ये निवू देत केलं तर जोड चांगला लागतो. अडचण टाक्याच्या शेजारी असते. तिथलं बीड एकदम तापतं आणि एकदम निवतं, त्यामुळे कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. नवा तडा बहुतेकदा तिथूनच जातो. शिवाय हब पुढे बोअर करायचा (आतलं भोक तासायचं) होता, आणि टूल त्या कडक पट्ट्यावर आदळावं अशी माझी इच्छा नव्हती.

म्हणून गॅसवर पितळी जोड आणि वरून मऊ पोलादाची रिंग असं ठरवलं. यात भार घेते ती रिंग. पितळेचं काम तडा भरून चकतीतला भाग एकसंध करण्याचं. हा फरक कारागिराला आधीच सांगायला हवा, कारण पितळेचा थर जाड चढवला की ताकद वाढली असा समज सगळीकडे आहे.

चकतीत तडा जिथे संपत होता ते टोक डाय पेनिट्रंटने (तड्यात मुरून त्याची लाल रेघ दाखवणारा रंग) शोधलं आणि तिथे ४ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. तड्यावर रुंद व्ही खाच घेतली. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ग्राइंडरने खाच घेतली की ग्रॅफाइट पृष्ठभागावर काजळीसारखं पसरतं आणि पितळ धरत नाही. म्हणून शेवटचा हात कानशीने मारायचा. बिडात वर्षानुवर्षं मुरलेलं तेलही असतं. आधी पुली हळूहळू सगळीकडून तापवली तेव्हा ते अक्षरशः घामासारखं बाहेर आलं. ते पुसून पुन्हा तापवलं. पितळी रॉड ९०० अंशांच्या थोडं अलीकडे वितळतो, तर बीड साधारण ११५० अंशांच्या पुढे, त्यामुळे मूळ धातू न वितळवता जोड लागतो. टाकणखाराचा फ्लक्स लावून आधी पातळ थर सगळीकडे धरवला, मग खाच भरली. पुली कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू दिली. घाई करायची नाही ती इथेच.

हबचा बाहेरचा व्यास लेथवर ९० मिमी केला आणि दोन्ही बाजूंच्या रिंगांचा बोअर त्याहून ०.०८ मिमी लहान ठेवला. रिंग २५० अंशांपर्यंत तापवली की तिचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास फुगतो, म्हणजे ती सहज सरकून बसते आणि निवताना तड्याला सगळीकडून आवळते. रिंगा बसल्यावर हबचा बोअर आकसणार हे गृहीत धरून बोअरचं शेवटचं मोजमाप त्यानंतरच केलं. हा क्रम उलटा झाला तर पुली शाफ्टवर जाणारच नाही.

मग चावी. जुन्या कीवेच्या समोर, १८० अंशांवर, नवा सरळ कीवे काढला आणि त्याचे कोपरे किंचित गोल ठेवले. चावी १० बाय ८ मिमीची, समांतर. शाफ्टमध्ये ५ आणि हबमध्ये ३.३ मिमी खोली, म्हणजे चावीच्या डोक्यावर ०.३ मिमी जागा मोकळी राहते. चावी बाजूंनी घट्ट आणि वरून मोकळी, त्यामुळे ती हबला बाहेर रेटत नाही. पुली सरकू नये म्हणून शाफ्टच्या टोकाला वॉशर आणि बोल्ट आहे. उताराचा बुश (शाफ्ट आणि हब यांच्यामध्ये घट्ट बसणारी निमुळती नळी) बसवायचा सल्लाही मिळाला होता. तो नाकारला, कारण तोही पाचरीसारखाच हबला आतून ताणतो.

चढवण्याआधी पुली दोन समतल पट्ट्यांवर ठेवून तोलली आणि जड बाजूला उथळ भोकं पाडली. वेग कमी असला तरी हे काम टाळू नये.

वापरातला पहिला फरक अनपेक्षित होता. पट्टे शांत चालू लागले. जुनी चावी हबला एका बाजूला ढकलत असल्याने पुली आऊट, म्हणजे केंद्र सोडून, फिरत होती. आता डायल (हे डगमगणं मोजायचं घड्याळ) लावला तर काटा जेमतेम हलतो. रिंग आणि हब यांच्यावर आरपार रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. रिंग सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. सुरुवातीला रोज आणि नंतर आठवड्याने पाहिली, अजून अखंड आहे. चकतीतल्या पितळेवर अधूनमधून डाय पेनिट्रंट मारतो, लाल रेघ उमटत नाही. जॉबवर टूल आपटतं तेव्हा बसणारे धक्केही ती झेलते आहे.

खटकणारी गोष्ट एकच. रिंगांखालचा तडा आता दिसत नाही. हबच्या दोन तोंडांवरून जेवढं कळेल तेवढंच. हातोडीने वाजवून आवाज ऐकायची जुनी परीक्षाही पूर्वीइतकी भरवशाची राहिली नाही, कारण रिंगमुळे आवाज दबतो. म्हणून पट्ट्यांवर जाळीचं कव्हर लावलं आहे, आणि ते काढून मशीन चालवायला कुणालाही परवानगी नाही.

कड तडकली असेल, आरा तुटला असेल किंवा पुली वेगाने फिरणारी असेल तर ही दुरुस्ती करू नका. नवी पुलीच बसवा. ग्राइंडरच्या आणि फ्लायव्हीलच्या बाबतीत तर विचारही नको. तडा हबमध्ये असेल तर आधी चावी काढून तिचा वरचा पृष्ठभाग बघा. तिथे दाबाचे चकचकीत पट्टे असतील तर पुली जोडण्याआधी ती चावी बदला, नाहीतर नव्या पुलीचीही तीच गत होईल.