डिकीचं लॉक: साधी मोटर की कंपनीचा अख्खा संच?

जुळे सोलापुरातल्या एका मित्राच्या गाडीची डिकी रिमोटनं उघडेना. लॉक उघडणारी बाजारातली साधी मोटर बसवू की कंपनीचा लॉक-मोटरचा अख्खा संच घेऊ, यावर तो अडलाय.

आधी मोटरच गेलीय का ते बघा. छत आणि डिकीच्या मधल्या रबरी नळीत वायर वाकून वाकून आतून तुटते. नळी सरकवून ती तपासल्याशिवाय रुपयाही घालू नका. बटण दाबल्यावर मोटरच्या कनेक्टरवर (वायर जोडायच्या खाचेवर) क्षणभर 12 व्होल्ट येतात आणि तरी मोटर गप्प, म्हणजे ती गेली. नुसती घरघर येत असेल तर बहुधा आतले प्लास्टिकचे दाते झिजलेत.

खर्चात साधी मोटर फारच स्वस्त. पण ती बसवायला पट्टी वाकवा, भोक पाडा, लॉकला जोडणारा रॉड जुळवा. माप जरा चुकलं की लॉक अर्धवट राहतं. संच जुन्याच बोल्टवर, जुन्याच कनेक्टरवर बसतो. इथली धूळ आणि मे महिन्यातलं चाळिशीपारचं ऊन पाहता टिकण्यातही माझा भरवसा संचावरच.

लॉक आणि मोटर एकाच डब्यात असतील तर संचच घ्यावा लागेल. जुनी गाडी, मोटर वेगळी, डिकीचा वापर कमी, तर साधी मोटर चालेल. रोज चादरींचे गठ्ठे भरणाऱ्यानं मात्र संचच बसवावा.