आईसाठी घरी बाई, की छोटं निवासी केंद्र?

गिरगावची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलं सकाळच्या लोकलने बाहेर. अशा घरात म्हाताऱ्या आईच्या देखभालीला ब्युरोची, म्हणजे घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, चोवीस तासांची बाई हा उपाय आधी सुचतो. आईचं देवघर, शेजारीण, खिडकी जागच्या जागी राहते, आणि हिंडत्या-फिरत्या आईसाठी मी हेच निवडेन. मात्र बाई गावी गेली की बदलीवर आलेलीला गोळ्या, पथ्य, सवयी सगळं पहिल्यापासून सांगायचं. शिवाय दिवसभर राबलेल्या बाईने रात्रभरही जागायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दहा-बारा ज्येष्ठांच्या चांगल्या निवासी केंद्रात रात्रपाळीला वेगळं माणूस असतं. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. स्मृतिभ्रंशात अनेकांची अस्वस्थता संध्याकाळनंतर वाढते. या दोन्ही अवस्थांत मी केंद्राच्या बाजूने आहे, आणि तिथे ठेवलं म्हणून कुणी मुलांना बोल लावू नये.

केंद्र बघायला जेवणाच्या वेळी जा. रात्री जागं कोण असतं, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत का, अचानक बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. कर्जतची हवा छान, पण अंधेरीहून दर आठवड्याला जाणं होईल का? नसेल, तर उपनगरातलंच शोधा. खर्च दोन्हीकडे आहेच. केंद्राची अनामत परत कधी मिळते, ते लेखी घ्या. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही मार्गदर्शन करते.