ट्रायकोकार्ड लावल्यावर माशीला खायला काय? मध, गूळपाणी की चवळी

जळगाव-धुळ्याकडे कपाशीत ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ट्रायकोग्रामा ही मित्रमाशी वाढत असलेली किडीची अंडी चिकटवलेलं कार्ड, लावताना एकरी किती कार्डं आणि किती दिवसांनी, एवढाच हिशेब होतो. कार्डातून निघालेली माशी पुढे किती दिवस जगते, हे फारसं कुणी विचारत नाही. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही ट्रायकोग्रामा उपाशी राहिली तर एक-दोन, फार तर तीन दिवसांत संपते. गोड मिळालं तर आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकते आणि तेवढे दिवस आपली अंडी आत घालायला बोंडअळीची अंडी शोधत राहते. बहुतेक परोपजीवी माश्यांना मोठेपणी साखरेपासून चरबी करता येत नाही. जन्मतः मिळालेला साठा वाचवायचा तर वरून साखर हवीच. नुसत्या पाण्यावर भागत नाही.

आयुष्य वाढवण्यात मध सर्वांत भरवशाचा. पण तो वावरात देता येत नाही, माश्या घरी बाटलीत निघू दिल्या तरच उपयोगी. कागदावर केसासारखी बारीक रेघ ओढा, कारण थेंब मोठा झाला की माशी त्यातच चिकटून मरते. माश्या काही तास खाऊ द्या आणि संध्याकाळी सोडा.

साखरेचं किंवा गुळाचं पाणी स्वस्त पडतं आणि आयुष्यही चांगलं वाढवतं. मात्र आपल्याकडच्या उष्णतेत ते लवकर आंबतं. पिकावर फवारायचा विचार तर मी सोडूनच द्या म्हणेन. गोडावर मुंग्या येतात आणि त्या कार्डावरची अंडीही खातात.

मावा, पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा फुकट मिळतो, पण तो वाळून घट्ट होतो आणि त्यातल्या काही साखरा माशीच्या फारशा कामाच्या नसतात. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक दिलेलं असेल तर ते चिकट्यातूनही माशीच्या पोटात जाऊ शकतं. कपाशीच्या पानामागच्या शिरेवर मधुरसाची ग्रंथी असते. हा चांगला घरचाच खाऊ आहे, पण धोका तोच.

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या ठिबकवरच्या कपाशीसाठी माझा कौल चवळीला. तिच्या फुलांच्या दांड्यावर फुलाबाहेरही गोड रस पाझरतो आणि इवल्या माशीलाही तो सहज पिता येतो. मावा येईल, पण मागोमाग त्याला खाणारे ढालकिडेही येतात. कोथिंबीर, शेपू फुलावर येऊ दिले तर त्यांची उघडी, उथळ फुलंही तितकीच कामाची. झेंडू हिरव्या बोंडअळीसाठी सापळा म्हणून जरूर लावा, पण त्याच्या नळीदार फुलांतून या माशीचं पोट भरेल असं धरू नका.

चवळी कपाशीसोबतच पेरली तर साधारण कपाशीला पाते (कळ्या) लागताना ती फुलावर येते. नुसत्या बांधावर ती पुरत नाही. ट्रायकोग्रामा कार्डापासून काही मीटरच फिरते, म्हणून कपाशीच्या मध्येमध्ये चवळीची एकेक ओळ घाला आणि कार्डं तिच्या जवळच्या कपाशीच्या झाडांना लावा. पेरणीची वेळ निघून गेली असेल तर यंदा मधाची रेघ.