नांदेड ते संभाजीनगर: विमान, रेल्वे की गाडी?

नांदेड आणि संभाजीनगरचं चिकलठाणा या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण २१५ किलोमीटर. एटीआर-७२ सारखं छोटं विमान उंचीवर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. नुसता भागाकार केला तर २६ मिनिटं. पण एवढ्या छोट्या टप्प्यात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, म्हणून ४० ते ४५ मिनिटं धरा.

आता घरापासून मोजा. नांदेडच्या सांगवी भागातल्या विमानतळावर पोचायला अर्धा तास, तिथे तास-सव्वा तास आधी हजर, मग उड्डाण, मग सामान, मग जालना रोडने शहरात. तीन तास सहज होतात. शिवाय थेट विमान तुमच्या तारखेला, तुमच्या वेळेला असेल तरच हा हिशेब. नसेल तेव्हा बुकिंगवाले मुंबईमार्गे तिकीट दाखवतात, ते अजिबात घेऊ नका. नांदेड-मुंबई पावणेपाचशे किलोमीटर आणि तिथून मागे संभाजीनगर २८०. सव्वादोनशेच्या कामाला साडेसातशे किलोमीटर!

रेल्वेचा मार्ग सुमारे २३५ किलोमीटर: पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना. नेहमीच्या एक्स्प्रेसला चार-साडेचार तास लागतात. परभणीच्या पुढे एकेरी मार्ग असल्याने समोरच्या गाडीला वाट द्यायला, म्हणजे क्रॉसिंगला, गाडी थांबली की थांबलीच. परभणी ते संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. ते होईल तेव्हा या पट्ट्याचं खरं भलं होईल. त्याच वर्षी जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत आली. पहाटे पाचच्या सुमारास निघून ती सव्वाआठच्या आसपास संभाजीनगरला सोडते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं बघून घ्या.

आमच्या मामांची जमिनीची केस हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात आहे. पूर्वी तारीख आली की ते रात्रीच्या गाडीने निघायचे. कागदांचं गाठोडं उशाखाली आणि डोळा लागला तरी एक हात त्याच्यावर. पहाटे उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचे, कोर्ट उघडेपर्यंत बाकावर बसायचे. सत्तरीच्या माणसाला ते सोसत नव्हतं. आता वंदे भारतने सकाळी उतरून चहा-पोहे खाऊन ते वेळेत पोचतात आणि रात्रीची झोप घरी होते. विमानाने वाचला असता तो एखादा तास. त्यासाठी मी त्यांना सांगवीला नेणार नाही.

रस्त्याने वसमत, जिंतूर, मंठा, जालना असं अडीचशेच्या वर अंतर आहे आणि पाच-सहा तास जातात. चौघं असाल, सामान जास्त असेल किंवा वाटेत औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं असेल तर गाडीच बरी. एकट्याने चालवत जाऊन त्याच दिवशी परतायचं, हे मात्र करू नका.

विमान खरं उपयोगी पडतं ते लांबून येणाऱ्याला. दिल्लीहून सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना मी सांगते: येताना नांदेडला उतरा, दर्शन झालं की रेल्वेने संभाजीनगर गाठा, तिथून ३० किलोमीटरवरचं वेरूळ बघा आणि परतीचं विमान चिकलठाण्याहून धरा. पुन्हा नांदेडला यायची गरज नाही.